मामांची शून्यपदावरून मुक्तता

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण दिवसभर वाकून नळ्यांमध्ये थेंब सोडल्यावर पाठ आणखी वाकायला तयार होत नाही, तेव्हा हा उभ्या उभ्या केलेला समजून गोड मानून घ्यावा. तुमची प्रकृती कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते; उत्तर मला मामीकडून आधीच मिळालं आहे. बाथरूममध्ये चक्कर आली, तुम्ही बेसिन धरलंत, तुम्ही बचावलात आणि बेसिन गेलं. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ब्याऐंशी होता म्हणे. खालचा तिने सांगितला नाही, कारण खालचा ऐकून मला झोप आली नसती. (न ऐकल्यामुळेही आली नाही.) दोन गोळ्या चालू असताना हा आकडा, म्हणून येत्या शुक्रवारी डॉक्टर तिसरी सुरू करणार आहेत, हेही कळलं. मी बरी आहे. थकले आहे, पण त्याला आमच्याकडे आजार म्हणत नाहीत.

पत्र घरी न पाठवता काटेवाल्यांच्या तराजू दुरुस्तीच्या दुकानी पाठवते आहे, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. फोनच करणार होते, पण तुमच्या घरातला फोन मामी उचलते आणि तुम्हाला देण्याआधी निम्मं बोलणं स्वतःच उरकते. घरी आलेलं टपालही तीच उघडते आणि स्वयंपाकघरातून मोठ्याने वाचून दाखवते, त्यामुळे शेजाऱ्यांना वेगळं कळवावं लागत नाही. काटेवाले तुमचे जुने मित्र. रोज संध्याकाळी तुम्ही फिरायला म्हणून निघता आणि त्यांच्याकडे जाऊन बसता, तेव्हा तिथे ते नक्की तुमच्या हाती पडेल. ते पाकीट उघडणार नाहीत. फार तर तोलून बघतील.

आधी मिठाबद्दल. रविवारी तुमच्याकडे जेवले. मामीने तुमच्यासाठी मीठ बंद केलं हे समजू शकते, पण तिने ते अख्ख्या घरासाठी, आल्यागेल्यासाठी आणि माझ्या समजुतीप्रमाणे मांजरासाठीही बंद केलं आहे. तोंडात घातलेली भाजी ही भाजीच आहे हे ताटाकडे बघून ठरवावं लागलं. तुम्ही मुकाट्याने जेवत होता आणि मामी तुमच्या प्रत्येक घासाकडे आशेने बघत होती, जणू दाब आत्ता इथे ताटावरच उतरणार आहे. तिचा स्वतःचा दाब जन्माचा कमी. गेल्या आठवड्यात तिला जिन्यात भोवळ आली. हे तिने तुम्हाला सांगितलेलं नाही. मला सांगितलं आणि वर, मामांना बोलू नकोस, असंही सांगितलं. म्हणजे सध्या एकाच घरात एकाचा चढतो म्हणून दुसरीचा उतरतो आहे, आणि सरासरी काढली तर कुटुंबाची प्रकृती उत्तम आहे. माझा पेशा असा की सरासरीवर माझा विश्वास असायला हवा. आहेही. पण सरासरीला चक्कर येत नाही, माणसाला येते.

पेशाचा विषय निघालाच आहे तर सांगते. वर्षभरात तुम्ही तीनदा आमच्या प्रयोगशाळेला रक्त दिलंत, पण त्याचं आम्ही काय करतो हे कधी विचारलं नाहीत. (तुम्ही आमच्या वजनकाट्याच्या तपासणीची तारीख विचारलीत. ती उलटून गेली होती. ते प्रकरण मी अजून निस्तरते आहे.) तुमची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगायचं तर असं. लोखंडी वजन असतं तेवढंच राहतं, पण दर तपासणीला त्याच्यावर एक शिक्का पडतो, आणि शिक्के वाचता आले की ते वजन कुठून कुठून फिरून आलं ते कळतं. माणसाच्या डीएनएचंही तसंच आहे. मूळ अक्षरं जन्मभर तीच राहतात, पण त्यांच्यावर जागोजागी मिथाइल नावाचं एक बारीकसं रसायन चिकटतं किंवा चिकटलेलं सुटतं. काय ओढलं, किती प्यायलं, याचे असे शिक्के राहून जातात. काही जागा अशा आहेत की वर्षानुवर्षं दारू घेणाऱ्यांच्या रक्तात तिथला शिक्का बदललेला दिसतो, आणि त्यांतल्याच काही जागांचं रक्तदाबाशीही नातं असावं असं वाटतं. दारूने दाब वाढतो ही जुनी गोष्ट. पण हे शिक्के त्या वाटेवरचे आहेत, की दारूने दोन्हीकडे आपापलं काम उरकलं आणि शिक्के नुसते साक्षीला उभे आहेत, ते आम्ही शोधतो आहोत. हे सगळं मी शेजारच्या काकूंनाही एकदा नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत जाऊन आपल्या साखरेचा रिपोर्ट आणला.

आता तुमचा संबंध कुठे आला ते. आमच्या प्रमुख मॅडमची एक पद्धत आहे. तपासणीला लावायच्या प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यातल्या एका खळग्यात, ज्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही अशा माणसाचा नमुना ठेवायचाच. तुमच्या कचेरीत कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेलं प्रमाण वजन असायचं, ज्याला बोट लावायचं नाही आणि बाकीची सगळी वजनं त्याच्याशी ताडायची, तसा हा माणूस. असा माणूस शोधायला निघाल्यावर कळलं की तो सगळ्यांच्या घरात असतो आणि चौकशी केली की नसतो. आमच्याकडे आकडेमोड करणारा एक मुलगा आहे, त्याला आम्ही आकडेवाला म्हणतो; त्याच्या काकांनी 'फक्त लग्नात' असं सांगितलं आणि त्यांच्या घराण्यात लग्नं फार निघाली. मॅडमच्या सासऱ्यांनी 'कधीच नाही' म्हटलं तेव्हा सासूबाई उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. मग मी तुमचं नाव दिलं. खोकल्याच्या औषधावर अल्कोहोलचा अंश लिहिलेला वाचून तुम्ही बाटली दुकानदाराला परत केली होतीत आणि मग महिनाभर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं खोकत होता, ही गोष्ट मी त्यांना सांगितली. आईला विचारलं तर ती म्हणाली, "दादाला कसलं तपासता? त्याला शून्यच धरा."

तुम्ही आलात. मॅडमनी अदबीने विचारायला सुरुवात केली, "काका, आपण कधी दारू..." तुम्ही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. "दारू? मी?" एवढंच म्हणालात, पण ते असं म्हणालात की मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. मग तुम्ही माप आणि व्यसन या विषयावर बोललात, सुई दंडात होती तेव्हाही बोलत होता, आणि माप सुटलं की माणूस सुटला हे तुमचं वाक्य मॅडमनी फळ्यावर लिहून घेतलं. (ते अजून आहे. पुसायचं कुणी, हा प्रश्न आहे.) त्या दिवसापासून तुमच्या नळ्यांवर 'शून्य' अशी चिठ्ठी लागली आणि आमच्यात तुम्हाला तेच नाव पडलं. 'शून्य बाहेर काढ', 'शून्य वितळलं का', 'जपून, शून्य सांडेल' असं दिवसभर चालतं. ते सगळं आदराने चालतं, हे मुद्दाम नमूद करते.

पहिल्याच प्लेटला शून्य शून्यावर आलं नाही. ते रोज नेमाने थोडी घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलं. नळी बदलली गेली असेल म्हणून आम्ही पुन्हा लावलं. ते पुन्हा तिथेच बसलं. तुमचं दुसऱ्या खेपेचं रक्त आलं, ते त्याहून वर चढलं. तिसऱ्या खेपेचं आलं, ते थेट नामांकित मंडळींमध्ये गेलं. माणसं समजूतदार असती तर यावरून एक गोष्ट त्यांच्या मनात आली असती. आमच्यापैकी कुणाच्या आली नाही, किंवा आली आणि फळ्याकडे बघून परत गेली. आम्ही आधी शीतपेटीवर संशय घेतला आणि सगळे नमुने दुसऱ्या शीतपेटीत हलवले; एवढ्या थंडीत हात घालायचे म्हणजे जाड हातमोजे, आणि हातमोजे घालून बोटभर नळ्या उचलायच्या म्हणजे बोटं नसलेल्या माणसाने मोती ओवायचे. मग रसायनं परत केली, नवी मागवली. वातानुकूलनवाला येऊन छतात डोकं घालून गेला. प्लेट भरणारी मुलगी बदलली, ती रडली. मग कुणीतरी म्हणालं की कोपऱ्यातल्या जागेला ऊब जास्त लागते, म्हणून शून्याला प्लेटच्या मधोमध बसवलं. शून्य तिथेही रंगात होतं.

यानंतर आकडेवाल्याला उपाय सुचला. हुशार मुलगा आहे, हे दुर्दैव. तो म्हणाला, शून्य हे शून्यच आहे हे जर पक्कं, तर ते जेवढं वर येतं तेवढी मशीनची चूक. तेवढं त्या त्या खेपेच्या सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करून टाकू. हिशेबात कुठेही खोट नव्हती. वजाबाकी केल्यावर शेवटच्या खेपेतल्या निम्म्या लोकांचं पिणं उणे आलं. आमच्या गाडीवाल्याने स्वखुशीने नमुना दिला होता आणि आपण किती घेतो हे तो कौतुकाने सांगतो. त्याचा आकडा असा निघाला की त्याने दारू घेतलेली तर नाहीच, उलट कुठूनतरी आणून कारखान्याला परत केली आहे. त्याला हे कळल्यापासून तो दुखावला आहे. आणि रक्तदाबाचं म्हणाल तर, ते नातंच उलटं झालं. शेवटच्या खेपेत जास्त दाबाचे लोक अधिक होते, आणि वजाबाकीने नेमके तेच सगळ्यांत कमी पिणारे ठरले. पुढच्या महिन्यात मॅडम हे चार शहाण्या लोकांपुढे मांडणार होत्या. बावीस वर्षांच्या नावाचा प्रश्न होता. त्यांचा चेहरा बघून मला जेवण जाईनासं झालं (तेही रविवारचं नव्हे, मीठ घातलेलं).

शेवटी कंपनीचा मशीनवाला आला. त्याने मशीन उघडलं, पुसलं, बंद केलं आणि म्हणाला, "मॅडम, मशीन ठीक आहे. माणूस बदलून बघा." मॅडम म्हणाल्या, "मशीन बदलीन. त्या गृहस्थांवर शंका घेणार नाही." त्याने आपली हत्यारं आवरली, पण जाताना मला जिन्यात गाठलं.

"ताई, ते शून्य तुमचे कोण?"

"मामा."

"सख्खे?"

"सख्खे."

"मग अवघड आहे," तो म्हणाला. दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आला. "एकदा ताजं रक्त आणून बघा. न सांगता जा."

म्हणून मी गेल्या मंगळवारी संध्याकाळी सुई, नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन निघाले. घरी मामी म्हणाली, ते फिरायला गेलेत, काटेवाल्यांकडे टेकले असतील. तिथे गेले तर तुम्ही अजून पोचला नव्हता. (तुम्ही घरून माझ्या आधी निघाला होता. वाटेत फार हळू चालत असाल असं मी तेव्हा समजले. चक्कर येते म्हणून थांबत थांबत येता, हे नंतर काटेवाल्यांनी सांगितलं.) दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत तराजूच्या दांड्या, पारडी, स्प्रिंगा, रॉकेलचा वास, आणि बसायला म्हणून दिलेलं स्टूल दुरुस्तीला आलेल्या काट्यावर ठेवलेलं. मी बसल्याबरोबर समोरच्या तबकडीवर माझं वजन आलं. काटेवाले सभ्य माणूस, ते तिसरीकडे बघू लागले. मग त्यांनी कपाटातून एक बाटली काढली आणि एक मापही काढलं, ते धातूचं, वर निमुळतं, तेल मोजायला असतं तसं, आणि कापडाने पुसत म्हणाले, "मामांच्या औषधाची वेळ झाली."

"कसलं औषध, काका?"

"झोपेचं. छातीलाही बरं. कधीपासून चालू आहे. तुमचे मामा म्हणजे देवमाणूस हो. माझ्यासारख्या पिणाऱ्याच्या शेजारी रोज बसतात, पण दारूला शिवले नाहीत कधी. मी पितो. ते औषध घेतात."

"बाटली एकच दिसते."

"बाटली एकच," ते म्हणाले. "मी ग्लासात ओतून घेतो, ते मापाने घेतात. फरक आहे ना."

मी म्हटलं, असेल. मग त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि कुठेही आवाज खाली न घेता सांगितलं, कारण त्यांच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मामी माहेरी गेली होती आणि तुम्हाला झोप येत नव्हती तेव्हा कोण्या कंपाउंडरने तुम्हाला सांगितलं म्हणे, रात्री एक माप घेत जा. मोजून घेतलं तर औषध, न मोजता घेतली तर दारू. दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. पण हे वाक्य वजनमापं खात्याच्या माणसाच्या कानावर पडलं. तुम्ही खात्याचा शिक्का असलेलं वीस मिलिलिटरचं माप मिळवलंत. काही काळाने वीसने भागेना. तीस घेतलं असतंत, पण तीसचं शिक्क्याचं माप काटेवाल्यांकडे नव्हतं आणि हॉटेलवाल्यांच्या मापांवर तुमचा विश्वास नाही. शिक्क्याचं पुढचं माप पन्नासचं, म्हणून पन्नास. सहा महिन्यांपूर्वी पन्नासने भागेना तेव्हा शंभर, कारण मधलं प्रमाणित माप नाही. आता मला कळलं शून्य पायऱ्यापायऱ्यांनी का चढत होतं. आम्ही शीतपेट्या हलवत होतो तेव्हा तुम्ही पन्नासवरून शंभरवर गेला होता. खोकल्याच्या औषधाचाही उलगडा झाला. तुमचा आक्षेप आतल्या अल्कोहोलला नव्हता. प्लॅस्टिकच्या टोपणावर शिक्का नव्हता, त्याला होता.

"ओततं कोण?" मी विचारलं.

"मी ओततो. ते डोळ्यांच्या रेषेत धरून बघतात. थेंब वर गेला तर परत बाटलीत. एकदा मी प्रेमाने जरा वरपर्यंत ओतलं, तर तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. म्हणाले, तू मला दारुडा करशील."

तुम्ही यायच्या आधी मी निघाले. रक्त घेतलं नाही. मी येऊन गेले हे सांगू नका असं काटेवाल्यांना सांगितलं होतं, म्हणजे त्यांनी ते तुम्ही शटरखालून वाकायच्या आतच सांगितलं असेल.

मामा, मी रागावलेली नाही. रागवायला अंगात थोडं त्राण उरावं लागतं. शिवाय तुम्ही खोटं बोलला असता तर काम सोपं होतं. खोटं पकडता येतं, त्याला मशीनही लागत नाही. तुम्ही आयुष्यात मापात पाप केलं नाही आणि या बाबतीतही नाही, हीच अडचण आहे. आणि नेमकं सांगायचं तर, रक्तातल्या खुणांवरून एकट्या माणसावर बोट ठेवता येत नाही. हजार माणसांबद्दल त्या खरं बोलतात, एकाबद्दल नुसतं सुचवतात. तेव्हा मी तुमच्यावर प्रयोगशाळेतून काहीही सिद्ध केलेलं नाही, आणि करणार नाही. नियमाप्रमाणे सहभागी माणसाचा निकाल त्याच्या घरी कळवता येत नाही. तुम्ही सहभागी नाही, प्रमाण आहात, आणि प्रमाणाला काय कळवावं याबद्दल नियम काहीच बोलत नाही. मी तो दोनदा वाचला.

मात्र एक गोष्ट रक्ताबाहेरची आहे. मामी अभिमानाने सांगते की डॉक्टरांनी तुम्हाला 'ड्रिंक्स घेता का' विचारलं तेव्हा तुम्ही असं काही बघितलंत की त्यांनी 'सॉरी काका' म्हटलं. तरुण आहेत, पुन्हा विचारणार नाहीत. त्या 'नाही'वर त्यांनी पहिली गोळी ठरवली, दुसरी ठरवली, मामीने मीठ बंद केलं, आणि आता तिसरी येते आहे. त्यांची गत आमच्या आकडेवाल्यासारखी झाली आहे. शून्य पक्कं धरून बसलेत आणि बाकीचं सगळं बदलत चालले आहेत. फरक एवढाच की आमच्याकडे फक्त गाडीवाला दुखावला.

तुम्हाला शून्यपदावरून मुक्त केल्याचं या पत्राने कळवते. मॅडमना मी इतकंच सांगितलं की नमुना या कामाला योग्य नव्हता आणि नवा शोधावा लागेल. त्यांनी कारण विचारलं नाही. वजाबाकी काढून टाकली, आकडे सरळ झाले आणि गाडीवाला पुन्हा पिणारा ठरला. त्याने सगळ्यांना चहा पाजला. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आपलंच कुठेतरी चुकलं. काकांना माझा नमस्कार सांग." तो सांगितला.

बाकी इकडे ठीक. मामीला जिना चढताना धरत जा, कारण विचारलं तर माझं नाव सांगू नका. पाठ आता बसूही देत नाही, तेव्हा इथेच थांबते.

तुमची
भाची

ता.क. मंगळवारी दुकानात मी ते शंभराचं माप हातात घेऊन बघितलं होतं, ते वर लिहायचं टाळलं. त्यावरचा शिक्का तुमच्या निवृत्तीच्याही आधीचा आहे. तळ गळत होता म्हणून काटेवाल्यांनी तो मागे कधीतरी काढून नवा झाळून बसवला, जरासा खाली. मी ते काठोकाठ पाण्याने भरून त्यांच्याच काट्यावर तोललं. पाणी एकशे अठरा ग्रॅम भरलं. काटेवाले म्हणाले, काटा बिघडलेला आहे. दुसरा घेतला, तोही बिघडलेला निघाला. तिसऱ्या काट्यानंतर ते खाली बसले. मुदत संपलेला शिक्का, बदललेला तळ, आणि शंभराच्या नावावर एकशे अठरा. असं माप एखाद्या दुकानात सापडल्यावर तुम्ही काय करत होता ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. म्हणजे तुमच्याच कायद्याप्रमाणे गेले सहा महिने तुम्ही मोजून घेतलेलं नाही.

ता.क. दुसरा, आणि पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. शुक्रवारी डॉक्टरांनी तिसरी गोळी लिहायच्या आधी त्यांना सांगा. एकशे अठरा, रोज, आणि बाटलीत काय असतं ते. औषध म्हणालात तरी चालेल, फक्त बाटलीवरचं नाव सांगा. गोळ्या, वरून हे, आणि बाथरूमची ओली फरशी, यांची बेरीज मला करायची नाही. मी रोज पुरेशा बेरजा करते. पत्र वाचून तिरीमिरीत एकदम बंदही करू नका, इतकी वर्षं घेतल्यावर त्याचाही त्रास होतो. कसं सोडायचं ते त्यांनाच ठरवू द्या. मी शुक्रवारची रजा टाकली आहे. तुमच्याबरोबर आत येईन, बोलणार नाही. तुम्ही माझ्याकडे बघायचीही गरज नाही.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा लिहिते आहे. आत्ता मामीचा फोन आला होता. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून तुमचा दाब उतरायच्या ऐवजी चढतो कसा, हे तिला कळेना, तेव्हा तुम्ही भराभर चालत नसणार असं तिने ठरवलं आहे. तिने चालायचे बूट आणले आहेत आणि उद्यापासून ती तुमच्याबरोबर येणार आहे, रोज, जाल तिथे. टपालाला दोन दिवस लागतात. म्हणजे हे तुमच्या हाती पडेल तेव्हा ती शेजारी असेल, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे पहिल्या पानानंतर ते तुमच्या हातात राहिलेलं नसेल. तेव्हा पुढचं तिलाच लिहिते. मामी, मोठ्याने वाचत असशील तर इथून मनात वाच. ओरडू नकोस, आज तरी नको. शुक्रवारी तूही ये. ते डॉक्टरांपुढे 'औषध' म्हणतील आणि डॉक्टर पुन्हा 'सॉरी काका' म्हणतील. मी तिथेच बसलेली असेन, पण मामांच्या तोंडावर दुसरा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. कागदावर आला, तेवढाच. तो तू म्हण.